भाद्रपदातलं पाणी

ब्रह्माघाट, वाराणसी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मुक्ता हिस,
नीरजाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पितृपक्ष संपल्यावर झालं. आता त्यांना पेपर बिनचष्म्याचा दिसतो, आणि दिसतो म्हणून ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला वाचून दाखवतात. परवा भाजीवाल्याकडून कुंदरू, म्हणजे तोंडली घेताना एकेक पारखत होते, तोही कंटाळला. नातीची, मालूची चौकशी रोज असते. बारावीचं वर्ष, तेव्हा तिला फोन करून त्रास देऊ नका असं मीच त्यांना बजावलं आहे.

गंगा आता उतरली. ऑगस्टमध्ये गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी होतं, अजून घाटांवरचा गाळ पंपाने धुणं चालू आहे.

मुक्ता, दसऱ्याच्या दिवशी तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, यंदा भाऊबीजेला ह्यांना काशीला बोलावू नका. चार दिवसांची सुट्टी आहे, ती मालूची आहे. तुमचं एक वाक्य आम्हाला पुरे झालं.’ मी दोन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मी रागावले नाही. पण ह्या मेसेजला मेसेजने उत्तर देणं मला जमेना, म्हणून दहा दिवस घेऊन हे लिहिते आहे. आजवर तू जे ऐकलंस ते माझ्या भावाकडून, देवकडून, आणि त्याने ते अर्धंच सांगितलं. तेही माझ्या संमतीने.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला कुणाला काही विचारावं लागणार नाही.

मी ज्या नगर पंचायतीत ईओ, म्हणजे अधिशासी अधिकारी आहे ते सेमरखोह तू पाहिलेलं नाहीस. पूल ओलांडून रामनगर, तिथून जीपने तासभर. दगडाच्या खाणींवर वाढलेलं गाव, आणि खाणी बंद झाल्यापासून रिकाम्या हातांचं. गेल्या वर्षी देव नोकरीला आहे त्या मंडळाकडून आमच्याकडे फाईल आली. गावाबाहेरच्या मोठ्या बंद खाणीत अणुकचऱ्याचं साठवण केंद्र करायचं, त्यावर नगर पंचायतीने जनसुनावणी घेऊन अभिप्राय द्यावा. आमच्या होकाराला किंवा नकाराला कायद्यात किती वजन आहे ते कुणीच नीट सांगू शकत नव्हतं, पण गावाचं म्हणणं त्यांना कागदावर हवं होतं. बदल्यात तीस खाटांचा दवाखाना, पक्का रस्ता आणि शंभर जणांना काम. आमच्या अध्यक्ष रुची पटेल, वय बत्तीस. पहिल्या बाळंतपणात त्यांना ट्रॅक्टरमधून बनारसला आणलं होतं. त्यामुळे दवाखाना म्हटल्यावर त्यांचे डोळे कसे चमकले असतील ते तू समजू शकतेस.

सुनावणीला माहिती द्यायला मंडळाने देवला पाठवलं. तो माझा सख्खा भाऊ आहे हे मी रुचीजींना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग तर खरी माहिती मिळेल.

मार्चमधली गोष्ट. इंटर कॉलेजच्या मैदानात चारएकशे माणसं होती. मुक्ता, तुझ्या नवऱ्याला मी घरात पाहिलं आहे, कामात पहिल्यांदाच पाहिलं. एकही जड शब्द न वापरता तो तासभर बोलला. कचरा काचेत वितळवून कसा बसवतात, त्यावर पोलाद, त्यावर काँक्रीट, त्याभोवती माती. तो म्हणाला, की दिवे आपण सगळेच लावतो, त्यामुळे हा कचरा तयार आहेच. तो कुठेतरी नीट ठेवावाच लागेल, आणि ‘आमच्याकडे नको’ एवढंच प्रत्येकाने म्हटलं तर तो जिथे आहे तिथेच नीट न ठेवता राहील. मला ते पटलं. आजही पटतं. लोकही ऐकत होते.

मग पाठीमागून एक म्हातारी उठली. त्याच खाणीत तिने वीस वर्षं दगड फोडले होते. तिने विचारलं, “बाबू, भादों में उस खदान में हम लोग भैंस नहलाते थे. आप भादों में आए थे?”

देवने हातातले कागद चाळले. मग कागद खाली ठेवले. “नहीं अम्मा,” तो म्हणाला, “हमारे लोग मई में आए थे. भादों का पानी हमने नापा नहीं है.”

ते हे वाक्य. माझं नव्हे, त्याचं. माझं काम फक्त ते इतिवृत्तात लिहिण्याचं होतं, आणि इथपर्यंत तू ऐकलेलं खरं आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही राजा घाटावर बसलो होतो. लहानपणापासून काही अवघड बोलायचं असलं की देव मला तिथे नेतो. तोवर त्याला वरून फोन येऊन गेला होता. कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बराच वेळ तो तुमच्याबद्दलच बोलला. दहा वर्षांत तीन बदल्या, मालूच्या तीन शाळा, तू दोनदा सोडलेली नोकरी. आता मालूची बारावी होईपर्यंत हलणार नाही असा तुला दिलेला शब्द. आणि मग नदीकडे पाहत त्याने विचारलं, “ताई, ते भादोंचं वाक्य इतिवृत्तात असायलाच हवं का?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेले आणि ते खोडलं.

हे लिहायला मला सात महिने लागले. मी ते खोडलं, मुक्ता. टाईप होऊन आलेल्या मसुद्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि ऑफिसातल्या बाबूला स्वच्छ प्रत काढायला सांगितलं. वाटलं, चौतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या माणसासाठी एकदा काही करता आलं. रुचीजींनी त्या प्रतीवर विश्वासाने सही केली. त्यांनी वाचलीसुद्धा नाही, दीदीने लिहिलंय म्हणून. तू माझ्यावर रागावलीस ती मला तत्त्वाची, हट्टी बाई समजून, भावाच्या संसारापेक्षा कागद मोठा मानणारी. ती बाई मी नव्हतेच. असते तर तुझा राग मी आनंदाने सोसला असता.

तिसऱ्या दिवशी देवचं दुपारचं विमान होतं. अकराच्या सुमाराला तो माझ्या ऑफिसच्या दारात उभा. बुटांवर पांढरी धूळ. तो एकटाच खाणीत उतरून आला होता. म्हणाला, भिंतीवर पाण्याच्या रेघा आहेत, एकावर एक, वर्षावर्षांच्या. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला तर सगळ्यात वरची रेघ त्याच्या छातीला लागली. मे महिन्यात आलेल्या माणसांनी त्या पाहिल्या असतीलच, पण कोरड्या खाणीत त्या नुसत्या रेघा वाटतात.

“ते वाक्य परत लिही,” तो म्हणाला.

मी नाही म्हणाले. दार लावून घेतलं आणि त्याच्याशी भांडले. म्हटलं, सही झालीय, आता काही होणार नाही. म्हटलं, दवाखाना येतोय, तो तुला दिसत नाही का. शेवटी मालूचं नाव घेतलं, तुझं घेतलं. त्याच्या अंगावर जे जे फेकता येईल ते फेकलं. मग माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून त्याने स्वतःच्या हाताने निवेदन लिहिलं. पावसाळ्यातलं पाणी मोजलेलं नाही, भिंतीवर अमुक उंचीवर खुणा आहेत, एक पूर्ण पावसाळा मोजमाप झाल्याशिवाय ही जागा योग्य आहे असं मी म्हणू शकत नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. लिहिताना थांबला असेल तर फक्त एकदा, तारखेपाशी.

मी विचारलं, मुक्ताला काय सांगणार?

तो म्हणाला, “तू हट्टाने लिहिलंस असं सांगेन. ती तुझ्यावर रागावली तर मधे मी आहे, ताई. माझ्यावर रागावली तर मधे कुणीच नाही.”

मी हो म्हटलं. आदल्या दिवशी मारलेल्या रेघेची ती शिक्षा आहे असं समजून म्हटलं. त्याला मी तो शब्द दिला होता, आणि आज तो मोडते आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. इकडे त्याचं निवेदन मी नगर पंचायतीच्या बोर्डापुढे ठेवलं, आणि ते मीच त्याच्याकडून लिहून घेतलं असं सगळ्यांनी धरून घेतलं. दहापैकी सात जणांनी ‘पावसाळ्याचं मोजमाप होईपर्यंत संमती नाही’ असा अभिप्राय दिला. मंडळाने तो मान्य केला, हे त्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. मे महिन्यात देवची राजस्थानात बदली झाली. कारण असं लिहिलेलं नाही, तसं ते लिहीत नाहीत. तू आणि मालू मुंबईला, तो वाळवंटात एका गोदामाच्या हिशेबावर.

आणि भादोंमध्ये पाणी आलं. मंडळाच्याच माणसांनी पट्टी लावून मोजलं. देवच्या छातीच्याही वर, डोकं बुडेल एवढं. आणि ते नुसतं साचलेलं नव्हतं. खालच्या बाजूला गावाच्या विहिरी आहेत, तिकडे पाझरत होतं. सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं, की जागा रद्द, दुसरीकडे शोध घेऊ, आणि यापुढे तिन्ही ऋतूंत पाहणी केल्याशिवाय गावापुढे जाणार नाही. देवच्या निवेदनातली ओळच जवळजवळ. नाव मात्र नाही.

सगळं गोडच झालं असं समजू नकोस. दवाखाना गेला. ज्यांना काम मिळणार होतं त्यातले दोघं-तिघं मला बघून तोंड फिरवतात, आणि त्यांना मी काय सांगू? रस्ता आहे तसाच.

दोन ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्यालाच, नगर पंचायतीत गांधी जयंतीचा कार्यक्रम होता. रुचीजींनी मला न सांगता शाल आणि नारळ आणून ठेवला होता. चार शब्द बोलल्या, की ईओ साहिबांनी स्वतःच्या भावाची पर्वा न करता खरं दाबू दिलं नाही. टाळ्या वाजल्या. ती म्हातारीही आली होती, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शाल पांघरून मी खुर्चीत बसले आणि पर्समधला फोन वाजला म्हणून पाहिला, तो तुझा मेसेज. एकाच दिवशी एकाच खोट्यासाठी तिकडून राग आणि इकडून शाल. दोन्ही मला लागू नव्हते.

मुक्ता, मला तुझी क्षमा मागायची आहे, पण त्याआधी एक सांगू दे. देव मला रविवारी फोन करतो. गोदामाबद्दल बोलतो, उन्हाबद्दल बोलतो. खाणीत पाणी आल्याचं मी कळवलं तेव्हा तो म्हणाला, “मुक्ताला सांगावंसं वाटतं, पण कुठून सुरू करू?” आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट त्याने केली आणि ती त्याला स्वतःच्याच घरात लपवावी लागते आहे. तू त्याला बहिणीमुळे बळी गेलेला माणूस समजून सांभाळते आहेस. तो तसा नाही. त्याने काय गमवायला लागेल ते पुरतं मोजून सही केली. तुला न विचारता केली, हे चुकलंच. त्यासाठी तू त्याच्याशी भांडायला हवंस, कडाडून भांड, तुझा तो हक्क आहे. पण भांडण खऱ्या माणसाशी होऊ दे.

माझ्याकडची एक बातमी उरली. शुक्रवारी मी लेखी कबुली दिली. सुनावणीच्या इतिवृत्तातून अमुक वाक्य मी जाणूनबुजून काढलं, अध्यक्षांना अंधारात ठेवून सही घेतली, शाल परत करते आहे. देवने घाटावर विचारलेलं त्यात लिहिलेलं नाही. त्याने विचारलं होतं, खोडलं मी. रुचीजींनी ते दोनदा वाचलं. मग हलकेच म्हणाल्या, “दीदी, फरवरी में आपका रिटायरमेंट है. इसे मैं फाड़ दूँ?”

मी म्हटलं, “नहीं. आवक में चढ़वाइए.”

त्यांनी बाबूला हाक मारून आवक नंबर टाकून घेतला. त्यांचा चेहरा पाहवला नाही मला. आता चौकशी होईल. पेन्शनचं काय होईल ते ठाऊक नाही. बाबांना मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की नीट दिसायला लागल्यापासून घरात बरंच काही दिसतंय.

देवला यातलं काही कळवलेलं नाही. कबुलीचंही नाही आणि ह्या पत्राचंही नाही. ते तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की त्याला आपोआप कळेल, की तुला सगळं ठाऊक आहे आणि आता त्याला कुठूनही सुरुवात करायची गरज नाही.

मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. त्याला मात्र फोन कर. दुपारी एक ते दोन तो जेवायला बसतो, आणि एकटा बसतो.

मालूला पोटभर आशीर्वाद.

आता खऱ्या कारणासाठी तुझ्या रागाची वाटेकरी,
नीरजाताई