दिवसाला साठ धातू

२० फेब्रुवारी, सौंसर
निर्णय झाला. या रमजानमध्ये कुरआन नुसता वाचायचा नाही, समजून घ्यायचा. तोही मुळापासून. अरबीतल्या बहुतेक शब्दांना तीन अक्षरांचं मूळ असतं. मी त्याला धातू म्हणणार, कारण एकतीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलंय आणि धातूच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या तहसिलीत नाही.
कुरआनमध्ये सतराशेच्या आसपास धातू आहेत म्हणे. रोजे तीस. दिवसाला साठ. आरामात.
बायकोला सांगितलं. खैरून म्हणाली, "चांगलं आहे. आधी सिलिंडरचा नंबर लावा."
(नोंद: घरी आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलतो, पण विचार मी मराठीतच करतो. म्हणून ही डायरी मराठीत. वाचणारा मी एकटाच.)
आणखी एक नोंद: या संकल्पाचा सकीना आपाशी काहीही संबंध नाही.

२२ फेब्रुवारी
दोनशे पानी रजिस्टर आणलं. रकाने आखले: धातू, मूळ अर्थ, आयत, माझं चिंतन. चिंतनाचा रकाना सगळ्यात रुंद ठेवला. त्यात मजकूर जास्त येणार.
आखण्यात दोन दिवस गेले. पायाभरणी पक्की हवी.

२३ फेब्रुवारी
नागपूरहून मागवलेला शब्दकोश आला. अरबी-उर्दू. थोडी अडचण आहे. उर्दू मला उत्तम येते, फक्त वाचता येत नाही.
मोबाईलवर हिंदी ॲप डाऊनलोड केलं. कोश टेबलावर राहील. घरी कोणी आलं की दिसतो.

२६ फेब्रुवारी
पहिला मोठा शोध! क-फ-र म्हणजे झाकणे. काफिर त्यातलाच. बी मातीत झाकतो तो शेतकरी, आणि सूरा हदीदच्या विसाव्या आयतीत हाच शब्द शेतकऱ्यांसाठी आला आहे असं बरेच जाणकार सांगतात.
आनंद मावेना. तडक बसस्टँडवर चहाच्या टपरीत गेलो. गजेंद्र बसला होता. माझा जुना मित्र, रामाकोन्याला त्याची संत्र्याची बाग. मी लांबूनच ओरडलो, "गजेंद्र, तू असली काफिर आहेस!"
 एकाची बशी तोंडापाशीच थांबली.
मग मी सगळं नीट समजावलं. धातू, बी, माती, आयत. गजेंद्र म्हणाला, "सर, मले समजलं. पण हे बाकीचे माझ्या तोंडाकडं पाहून राहिले, यायले सांगा." सगळ्यांना पुन्हा सांगितलं. तेव्हा गजेंद्र म्हणाला, "पण संत्र्याचं आम्ही बी नाई लावत जी. जंभेरीच्या खुंटावर कलम बांधतो. मी झाकतो कुठं?"
ही माणसं तपशिलात फार शिरतात.
उठताना त्यानं विचारलं, "पुढं काय लिवलं आहे त्या आयतीत?" मी म्हणालो, चांगलंच असणार. घरी येऊन वाचलं. पुढं पीक पिवळं पडतं आणि त्याचा भुसा होतो. गजेंद्रला कळवायची घाई नाही.

२ मार्च. पहिला रोजा
आज साठ करायचे होते. झाला एक. स-ब-र. सब्र म्हणजे धीर, आणि त्याच्या मुळाशी म्हणे बांधून ठेवणं, अडवून धरणं आहे. आणि कोरफडीच्या कडू रसाचं नावही याच मुळातून. काय खोली आहे या भाषेला!
चिंतनाच्या रकान्यात लिहिलं: "सब्र = कडू घोट बांधून ठेवणे." मग दुपारी तीनपासून घड्याळ पाहत बसलो. इफ्तारला अजून सव्वातीन तास होते. खैरूनला पाच वेळा टाइम विचारला. ती म्हणाली, "कोरफड पचून नाही राहिली वाटतं."

५ मार्च. चौथा रोजा
एकूण धातू: तीन. मागे पडलेले शेवटच्या दहा दिवसांत भरून काढीन. दिवसाला पंच्याऐंशी पडतील. काही अवघड नाही.
आज क-ल-ब. उलटणं, पालटणं. हृदयाला कल्ब म्हणतात, कारण ते सारखं पलटत असतं. मशिदीत नमाज पढवणाऱ्या हाफिज साहेबांना सांगायला गेलो. हाफिज म्हणजे माझाच विद्यार्थी, दहावीला मराठीत अडतीस मार्क. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "सर, हा क घशातून काढा. तुम्ही हृदयाच्या जागी कुत्रा म्हणून राहिले."
मी म्हणालो, भावना समजून घे.
म्हणाला, "समजली सर. पण कुत्र्याची समजली."
अडतीस मार्क जरा जास्तच दिले होते मी.

९ मार्च
श-क-र. शुक्र, म्हणजे आभार, त्यातला. जुन्या अरबीत थोड्याशा चाऱ्यावर धष्टपुष्ट दिसणाऱ्या जनावरालाही शकूर म्हणत. म्हणजे थोडं मिळालं तरी अंगावर दिसतं. वा! डोळ्यांत पाणी आलं. खैरूनला म्हणालो, "तू शकूर आहेस." तिनं लाजून अर्थ विचारला. मी सांगितला.
इफ्तारला माझ्या ताटात चार भजी होती. तिच्या ताटात ढीग. म्हणाली, "थोड्या चाऱ्यावर तुम्ही कसे दिसता, पाहू."

१४ मार्च. बाहेर धुळवड, घरात तेरावा रोजा
विषय आलाच आहे तर लिहून टाकतो.
सकीना आपा माझी मोठी बहीण. पांढुर्ण्याला असते. आठ वर्षांपूर्वी अब्बांच्या बरसीला चाळीस माणसांसमोर म्हणाली, "याकूबला कुरआन नका वाचायला लावू. अटकते तो. जेवण ठंडं होईल." लोक हसले. मी त्याच दिवशी बस पकडून परत आलो. तेव्हापासून बोलणं बंद. पहिलं पाऊल तिनं उचलायला पाहिजे.
आज तिच्या नावाचा धातू काढला, निव्वळ अभ्यास म्हणून. स-क-न: शांत होणं. सुकून त्यातलाच. आणि ऐका, सुरीला अरबीत जो शब्द आहे, सिक्कीन, तोही याच धातूचा!
कुरआनच्या भाषेनंच न्याय केला. लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलं.
मग स्वतःचं नाव पाहिलं. याकूब. धातू लावला तर टाच निघते. मागून येणारा. पण हे नाव मुळात अरबी नाहीच असं काही लोक म्हणतात. त्यामुळे विषय बंद.

१७ मार्च
मशिदीच्या कमिटीनं विचारलं, शुक्रवारी असरच्या नमाजनंतर दहा मिनिटं "कुरआनचे शब्द" यावर बोलाल का? मी "वेळ पाहून सांगतो" म्हणालो. दोन मिनिटांनी मीच फोन करून होकार दिला.
विषय: र-ह-म. रहमान, रहीम, रहमत. आणि याच धातूतून रहिम, म्हणजे आईचं गर्भाशय, म्हणजेच रक्ताचं नातं. दया आणि आईचं पोट एकाच मुळाचं! यावर दहा मिनिटं कमी पडतील. तीस घेईन.

२१ मार्च. विसावा रोजा. जुम्मा
भाषण प्रचंड यशस्वी. वीस-बावीस माणसं होती, त्यांतली निम्मी जागी. मी म्हणालो, जो एका पोटातून आलेल्या माणसाशी तोडतो, तो रहमतचा धागा तोडतो. हाफिज माझ्याकडं एकटक पाहत होता. प्रभावित झाला असणार.
शेवटी लतीफचाचा उठले. शिलाई मशीनवर म्हातारे झालेले, पण नजर तेज. म्हणाले, "सर, बहुत छान सांगितलं. सकीना कशी आहे आता? ऑपरेशननंतर?"
मी म्हणालो, "बरी आहे."
कोणतं ऑपरेशन?

तोच दिवस, इफ्तारनंतर
खैरूनला विचारलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "जानेवारीत. हृदयाचं. नागपूरला दोन स्टेंट टाकले."
मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, "मी होती ना तिथं दोन दिवस. तुम्हाले माहेरी चालली म्हणून सांगितलं होतं."
मी आवाज चढवला. मला का नाही सांगितलं? तेव्हा ती वळली. "आठ वर्षं या घरात तुम्ही तिचं नाव काढू दिलं नाही. मी सांगायला सुरुवात कुठून करू?"
उत्तर होतं माझ्याकडे. आता आठवत नाही.

२२ मार्च
आज धातू नाही. डोकं दुखत होतं.

२३ मार्च
आज पण नाही. रोज्यात खोटं बोललो, "बरी आहे" म्हणून. पण ती खरंच बरी असेल तर ते खोटं ठरत नाही. हाफिजला विचारू म्हणालो. नको. मार्क कापेल.

२५ मार्च
ठरलं. मोठ्या मनानं पहिलं पाऊल मीच उचलणार. ईदच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाणार. आत्ताच गेलो असतो, पण तयारी हवी. तिच्यासमोर रहिमवरचं भाषण करायचं. सहा मुद्दे काढलेत. पाचव्या मुद्द्याला तिला रडू येईल. सहाव्याला मी तिला माफ करीन.
खैरून म्हणाली, "फोन करून 'कशी आहे' विचारून घ्या ना." या बाईला प्रसंगाचं गांभीर्यच कळत नाही.

२८ मार्च. सत्ताविसावा रोजा
सराव केला आरशासमोर. रहिमचा ह घशातून काढताना ठसका लागला. खैरून पाणी घेऊन धावली, मग आठवलं रोजा आहे. पाणी परत नेलं. माझ्या ठसक्यापेक्षा तिचं हसू जास्त वेळ चाललं.

३१ मार्च. ईद
शीरखुर्मा तीन वाट्या. गजेंद्र येऊन गेला, टोपलीभर संत्री घेऊन. म्हणाला, "काफिराकडून." मोठ्यानं हसला. खरंतर त्याला अख्खी आयत वाचून दाखवायला हवी होती. दाखवली. ऐकून म्हणाला, "पिवळं पडते, भुसा होते. बरोबर आहे. हे आमाले कोणी सांगावं लागत नाई सर. तुमाले नवीन होतं काय?"

१ एप्रिल, पांढुर्णा
सकाळच्या बसनं निघालो. संत्री घेतली, भाषण घेतलं. वाटेत दोनदा उलटीसारखं झालं. खिडकी मिळाली नव्हती.
दार आपानंच उघडलं. बारीक झाली आहे फार. एक हात भिंतीला. मी उंबरठ्याबाहेर उभा राहून पहिला मुद्दा सुरू केला, "आपा, अरबीत एक धातू आहे..."
म्हणाली, "चप्पल काढ आधी. ऊन लागते. आत ये."
आत गेलो. पुन्हा सुरू केलं. तिनं पाणी आणायला उठायचा प्रयत्न केला, तेव्हा मीच उठलो. माठ कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत तिनं स्वयंपाकघराची जागा बदलली आहे. ती हाका मारून सांगत होती, डावीकडं, अरे डावीकडं.
शेवटी मुद्दे सोडून मी सरळ त्या बरसीचा विषय काढला. चाळीस माणसं, जेवण, ते वाक्य. "असं म्हणली मी?"
मी म्हणालो, हो.
"आणि तू त्याच्यासाठी नाही आला आठ वर्षं?"
मी म्हणालो, हो.
ती म्हणाली, "मले वाटलं तुले बस लागते म्हणून येत नाहीस. लहानपणी छिंदवाड्यापर्यंत ओकत जात होता ना तू. मी सगळ्यांले तेच सांगत होती."
म्हणजे आठ वर्षं मी रागावलो आहे हे पांढुर्ण्यात कोणालाच माहीत नव्हतं. माझा सगळा राग उलटीच्या खात्यात जमा झाला.
मी रहिमचा अर्थ तरी सांगून टाकला. ती म्हणाली, "हो, ते आमच्या बायकांच्या कुरआनच्या वर्गात पहिल्याच गुरुवारी शिकवलं." आणि तो शब्द म्हणून दाखवला. घशातला ह काय स्वच्छ निघाला तिचा!
 सहा मुद्दे खिशात होते. मी विचारलं, "कशी आहेस?"
ती बोलायला लागली. छातीत दुखायला लागलं ती सकाळ, रिक्षा, नागपूरचा दवाखाना, आत नेताना ती घाबरली ते. "खैरूनचा हात धरून होती मी. तुझी आठवण आली, पण म्हणलं, त्याले बस लागते." पाऊण तास. मी एकही धातू मध्ये घातला नाही. रुमाल मात्र काढावा लागला. बसमुळे डोळे चुरचुरत होते.
निघताना तिनं डोक्यावर हात ठेवला. मी एकसष्ट वर्षांचा आहे. बरं वाटलं.
एकूण धातू: चौदा. पुढच्या रमजानला दिवसाला छप्पन्न.

४ एप्रिल, सौंसर
सकाळी खैरूनच्या मोबाईलवर आपाचा फोन. दर शुक्रवारी येतो म्हणे, गेली आठ वर्षं, मी आंघोळीला गेलो की. आज मी आंघोळ पुढे ढकलली आणि फोन स्वतः उचलला. घशातून नीट "अस्सलामु अलैकुम, आपा" म्हणालो.
ती म्हणाली, "वालेकुम सलाम. खैरूनला दे."
दिला. मी शेजारीच बसून होतो. त्यांच्या बोलण्यात माझं नाव दोनदा आलं. दोन्ही वेळा दोघी हसल्या.