कार्बन मोनॉक्साइडचे दोन गुण

प्रिय चिंगे,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. प्रयोगशाळेत बसलेय, पण एका जागी बूड टिकत नाही. धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुऊन झाल्या. कालच्या तुझ्या फोनपासून हे असंच चाललंय. लेकीला विज्ञान घेऊ देणार नाहीस म्हणालीस. आपल्याला त्यातलं डोकंच नाही, खाण तशी माती, असं म्हणून वर हसलीस. फॉर्मची मुदत पुढच्या सोमवारी, आणि पोर रुसून बसलीय.

आज वर्गात इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांच्या आकृत्याच होत्या. पाणी, अमोनिया. आधी ठिपके मोजा, मग जोड्या लावा, शेवटी प्रत्येकाभोवती आठ भरतात का बघा. हायड्रोजन तेवढा दोनावर खूश. एका कार्ट्यानं ऑक्सिजनच्या उरलेल्या जोड्यांचे डोळे करून खाली मिशा काढल्या. सगळे हसले, मला हसू येईना.

तुझ्या वर्गावर होते तेव्हा माझं नोकरीचं पहिलंच वर्ष. ठिपके मोजायचा मला कंटाळा, म्हणून तुम्हाला सोपा नियम दिला होता: कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन. परीक्षेत कार्बन मोनॉक्साइड आलं. तू दोघांमध्ये तीन रेघा काढल्यास आणि दोन्हीकडे एकेक जोडी ठेवलीस. माझ्या नियमानं दोनच रेघा हव्या होत्या, म्हणून मी लाल फुली मारली. त्या दोन गुणांनी तुझी विज्ञानाची तुकडी हुकली. तू रडलीस, तर आई म्हणाली, ताईला जास्त कळतं. इकडे मी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही म्हणून शिक्षकांत माझं कौतुक, आणि मीही फुशारले.

आता मोज. कार्बनचे चार, ऑक्सिजनचे सहा, एकूण दहा. एका रेघेचे दोन धरले तर तुझ्या आकृतीत बरोबर दहा होते आणि दोघांभोवती आठ-आठ भरत होते. माझ्या दोन रेघांत कार्बनपाशी सहाच उरायचे. तुझं उत्तर बरोबर होतं, चिंगे. आणि हे मला आज नाही कळलं, त्याच आठवड्यात कळलं होतं. गुणांची यादी अजून माझ्याच हातात होती. बहिणीला गुण वाढवले म्हणतील ही भीती, आणि स्वतःची चूक सांगायची लाज. बावीस वर्षं तुला स्वतःला ढ समजू दिलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी दार वाजवायला येणार नाही. पण सोमवारच्या आत हे पत्र लेकीला वाचायला दे.

तुझीच,
ताई