ठरवून हरलेला डाव

मास्तर, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण ह्या गोष्टीवर भांडायला मला दुसरं कुणी न्हाय. सातवीत शाळा सुटलेली बाई हाय मी, चुका काढत बसू नका.

माझी पोरगी कॉलेजकडनं खो-खो खेळती. गेल्या महिन्यात येरमाळ्याला माझ्या चहाच्या टपरीवर तिला हुडकत एक माणूस आला. गोड बोलला. फायनलला पहिल्याच मिनटात बाद व्हायचं आन वीस हजार घ्यायचे. तो गेल्यावर पोरगी म्हणली, "आई, हा गुन्हा हाय का गं?" मला काय ठावं? रोज चहाला येणाऱ्या वकिलाला इचारलं. तो बशी फुंकत म्हणला, "मावशी, लाच म्हंजे सरकारी माणसानं घेतलेली. तुझी पोरगी कुठं सरकारी हाय? पैसे घेऊन हरण्यावर येगळा कायदाच न्हाय. फसवणुकीचं कलम ओढूनताणून लावता येईल. कॉलेज मात्र हाकलून दील." "म्हंजे गुन्हा हाय का न्हाय, त्ये सांगा." "हाय बी, न्हाय बी." "मग चहाचे पैसे बी तसंच देणार का?" टपरीवरले सगळे हसले. पोरगी हसली न्हाय. माझ्याकडं बघून म्हणली, "तू खेळत व्हतीस तवा कधी आसं केलंस?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं व्हतं मी? मला त्योच दिस दिसत व्हता: मी सातवीत, बेंबळीच्या शाळेमागं, लिंबाखाली, तुम्ही मला एकटीला बोलावलंय. तुमची बदली निघालीय, आन बदली करणाऱ्या साहेबाची पोरगी समोरच्या संघात हाय. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणताय, "उद्या लवकर बाद हो. एवढं माझ्यासाठी कर." दुसऱ्या दिवशी खांबाजवळ मी मुद्दाम पाय घसरल्यासारखं केलं. आपण हरलो, माझी जिल्ह्याची निवड हुकली. बदली थांबली. तुम्ही मला नवं दप्तर दिलं. महिन्याभरात माझ्या बापानं त्ये खुंटीला टांगलं, "जिल्ह्याच्या संघात न्हाईस, मग शाळा तरी कशाला." पैसा कुणी दिला न्हाय, कुणी घेतला न्हाय. त्या वकिलाला ह्ये सांगितलं आसतं तर कोणतं कलम काढलं आसतं त्यानं?

पोरीला मी म्हणलं, "आमचे मास्तर आसल्या पोरीला मैदानात उभं करत नव्हते." धडधडीत खोटं. तिनं तिथंच त्या माणसाला फोन लावला, "आमच्यात आसलं चालत न्हाय" म्हणली, वर दोन शिव्या हासडल्या. फायनलला चार मिनटं पळाली, कुणाच्या हाताला लागली न्हाय. बक्षीस घेताना माईकवर तुमचं नाव घेतलं तिनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवंना, उठून बाहेर गेले.

तवापासनं जीव थाऱ्यावर न्हाय. तिला खरं सांगावं तर तिचं मन मोडंल, न्हाय सांगावं तर तुम्ही फुकटचे देव झालात. माझा राग हायच, त्यो जाणार न्हाय. पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले न्हाय मास्तर. येवढ्या पोरींतनं तुम्ही मलाच बोलावलं, कारण मी बाद झाले तरच आपण हरणार व्हतो. त्या दिवशी लिंबाखालनं मी घरी उड्या मारत गेले व्हते.