झांजेचा सिनेमा

१२ जून २००४, नेपरव्हिल
नैना लायब्ररीतून क्यासेट घेऊन आली. म्हणाली, "आजी, झांजचा मूव्ही!" मी फोडणी तशीच टाकून सोफ्यावर! देवरुखच्या भजनी मंडळात बत्तीस वर्षं झांज वाजवली आहे मी, गंमत आहे का! पाहते तर सगळी काळी माणसं, पासष्ट वर्षांपूर्वीची. काय नाच, काय ते पितळी कर्णे! पण झांज कुठाय? मागे एक टोपीवाला ढोल बडवत होता, त्याच्या शेजारी दांडीवर लटकवलेली दिसली एकदाची. नात लोळून हसली. "आजी, जॅझ! नॉट झांज!" असू दे. ताल धरलाच मी. सूनबाई म्हणते, "आई, फोडणी जळली." जळू दे!

१३ जून
पुन्हा पाहिला. दोनदा.

१५ जून
शेजारच्या अर्नेस्टीनबाई चहाला आल्या. त्याही काळ्या, वय चौऱ्यांशी, पाठ ताठ. त्यांना माझं मराठी कळत नाही, मला त्यांचं इंग्रजी — पण आल्याचा चहा दोघींना कळतो. नैनाने सिनेमाचं नाव घेतलं नि बाईंचा कप बशीत वाजला! नैनाने मला सांगितलं — बाईंची बहीण होती त्यात. सिनेमात गेली म्हणून बापाने तिचं नाव टाकलं, फोटो चुलीत घातले. शनिवारी बाईंचा मुलगा त्यांना अटलांटाला नेणार, कायमचं. त्याआधी एकदा तिला बघायचंय. म्हटलं, उद्याच या!

१६ जून
आम्हीच ठरवलं, बहीण नाचत असणार. नैना एकेक मुलगी थांबवून दाखवत होती. "नो, बेबी." "नो." मला मेलं रडूच येत होतं. सगळे नाचणाऱ्या पोरींकडे बघतात, मी आपली झांजेकडे! आणि टोपीवाल्याने मान उडवली, टोपी सरकली — कानात डूल! बाप्या नव्हे, पोरगी! ओरडले, "नैना, मागे घे, मागे घे!"
बाईंनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मी तर नाचलेच! आता गुडघे बोंबलतायत.

१९ जून
गाडी दारात. बाई निघताना नैनाने बहिणीचं नाव विचारलं. बाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "अर्नेस्टीन." बहीण नव्हतीच कधी! मुलगा हातात सामानाची पेटी घेऊन तसाच उभा.