धारवाल्याचा भाऊ

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. नऊ फॉर्म. पाय भरून आलेत. अकरा वर्षं लाकूडगिरणीच्या हजेरीखिडकीत बसलो, तेव्हा माणसं माझ्याकडे यायची. आता मी त्यांच्या दारात! दिवाळखोरीच्या नावाखाली कारकून कमी केले, त्यात मी. आता तीन महिने हे काम — पुरुषांच्या मनाची पाहणी म्हणे.

दहा प्रश्न. मागच्या तीस दिवसांत उगाच थकल्यासारखं वाटलं का? झोप लागते का? आशा सुटल्यासारखं वाटलं का? काहीच त्रास नाही — एक गुण. सतत त्रास — पाच. बेरीज तिसाच्या वर गेली तर माणूस समुपदेशकाकडे पाठवायचा, नाहीतर आभार मानून बाहेर पडायचं. वरच्या कोपऱ्यात दोन चौकोन: 'मूळ रहिवासी' आणि 'इतर'. डोंगरातले ते मूळ. आम्ही आजोबांच्या वेळी गिरणीसाठी आलो, म्हणून इतर. सगळा जन्म इथे गेला, आणि इतर!

ही विचारते, "लोक खरं सांगतात का हो?" म्हटलं, मला काय करायचंय? मी खुणा करतो.

६ मार्च, गुरुवार

आज गिरणीतल्या धारखोलीत गेलो. तिथला माणूस जुन्या ओळखीचा. करवतीच्या पात्यांना धार लावतो, म्हणून सगळे त्याला धारवालाच म्हणतात. डोंगरातला. वीस वर्षं झाली, अजून रोजंदारीवर. त्याच्या नावापुढे रोज 'हंगामी' मीच लिहायचो, आणि कधी काही वाटलं नाही. ज्या डोंगरावरची झाडं ही पाती कापतात, तो त्याच्या बापजाद्यांचा. आता भाड्याच्या एका खोलीत सहा जण राहतात, खाटा तीन. पाळीपाळीने झोपतात.

झोप लागते का?

"मला काय धाड भरलीय! पडलो की झोपलो." मग पातं उलटं करून म्हणाला, "माझ्या भावाला मात्र नाही लागत."

आशा सुटल्यासारखं?

"मला नाही. भावाचं काही खरं नाही, कारकूनसाहेब. तो म्हणतो, आता बास झालं."

प्रत्येक प्रश्नाला भाऊ! शेवटी मी वैतागलो. "अरे बाबा, तुझं सांग, भावाचं नको." तो हसला. "माझं काहीच नाही लिहा." लिहिलं. दहाच्या दहा वेळा. बेरीज दहा, याहून कमी निघतच नाही. पण हजेरीची जुनी खोड, समासात शेरा टाकलाच: भाऊ — झोप नाही. बास झालं म्हणतो.

आपल्याला एक भाऊ असता तर बरं झालं असतं. तीन बहिणींच्या पाठीवर मी एकटा. नोकरी गेल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. काय सांगायचं!

११ मार्च, मंगळवार

पाहणीच्या प्रमुख बाई खूश आहेत. ऑफिसच्या भिंतीवर आलेख लावलाय. 'इतर'ची रेघ वर, 'मूळ'ची अगदी तळाला. "एवढ्या हलाखीत राहून यांची मनं किती कणखर!" म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. का, कोण जाणे.

जेवण जात नाही. उकाडा असेल.

१४ मार्च, शुक्रवार

गिरणीच्या फाटकाशी चहा विकणारी मावशी डोंगरातलीच. सहज थट्टेत म्हटलं, "मावशी, तुमच्यातल्या भावांच्या तब्येती फारच बिघडल्यात बुवा! ज्याला विचारावं त्याचा भाऊ आजारी."

ती हसली नाही. किटली खाली ठेवली.

"आमच्यात पुरुष आपलं दुखणं आपल्या नावाने सांगत नाही. नाव घेतलं की ते घरात मुक्कामाला येतं, पोराबाळांना धरतं. म्हणून भावावर घालायचं. ऐकणाऱ्याने काय ते समजायचं."

"आणि धारवाल्याचा भाऊ?"

"कुठला भाऊ? एकटाच आहे तो."

चहा तसाच टाकून घरी आलो. फॉर्मच्या प्रती जमिनीवर पसरल्या. डोंगरातले एक्केचाळीस. समासात सव्वीस भाऊ. सव्वीस! हिला सगळं सांगितलं. ती गुडघे मोडून बसली आणि एकेक शेरा वाचत गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही लिहून ठेवलं होतं की."

लिहिलं होतं. अक्षरही चांगलं आलंय.

१५ मार्च, शनिवार

धारखोलीत गेलो. म्हटलं, "भाऊ कसा आहे?"

त्याने यंत्र बंद केलं. माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"बरा नाही."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पुढच्या महिन्यापासून पाती बाहेरून धार लावून येणार. धारखोली बंद. परत जावं तर डोंगरावर काही उरलेलं नाही. घरी पाठवायला काही नसेल तर घरी तोंड कसं दाखवू, म्हणतो."

"त्याला म्हणावं, दोन दिवस थांब. सोमवारी मी काहीतरी करतो."

"सांगतो," म्हणाला. निघताना माझा हात धरला, तेलकट हातांनी, आणि सोडायचं विसरलाच. खरंच सांगतो, मला रडू येत होतं. पण बरंही वाटत होतं. आपण काहीतरी करणार आहोत असं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

बाई म्हणाल्या, "शेरा हा रकानाच नाहीये. आणि आकडे वर गेलेत, आता बदलता येत नाहीत." बाई वाईट नाहीत. चेहरा पार उतरला त्यांचा. "मी वर लिहिते," म्हणाल्या. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तिथून तडक समुपदेशकाकडे. खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला. "यांची बेरीज दहा आहे हो. तिसाच्या वर लागते." तिला भावाचं सगळं समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. मग अगदी मनापासून म्हणाली, "मग भावालाच घेऊन या ना!"

दारातल्या बाकावर बसून राहिलो. उठवेना.

१८ मार्च, मंगळवार

धारखोलीत गेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

१९ मार्च, बुधवार

आजही नाही. उद्या नक्की.

२० मार्च, गुरुवार

धारवाला गेला. काल, जेवणाच्या सुट्टीत. धारखोलीला आतून कडी होती.

तेव्हा मी दोन गल्ल्या अलीकडे फॉर्म भरत होतो. झोप लागते का, विचारत होतो.

दोन दिवस थांब, असं मीच म्हटलं होतं. तो चार दिवस थांबला!

२२ मार्च, शनिवार

मावशीने आज चहाचे पैसे घेतले नाहीत. गिरणीच्या हजेरीखिडकीतल्या नव्या कारकुनाने धारवाल्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलंय. मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, दुसरा रकाना नाही.

२६ मार्च, बुधवार

कामाला गेलो नाही. हिला सांगितलं, ताप आहे. तिने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

३० मार्च, रविवार

दुपारी हिने माझ्या पिशवीतला एक कोरा फॉर्म काढला. समोर बसली, पेन उघडलं, आणि माझ्यासारखंच सरकारी सुरात वाचायला लागली. उगाच थकल्यासारखं वाटलं का? म्हटलं, नाही. झोप लागते का? "मला काय धाड भरलीय!"

आशा सुटल्यासारखं वाटलं का?

तोंडातून निघूनच गेलं — "माझ्या भावाला वाटतं."

तिने खूण केली नाही. पेन मिटलं, फॉर्म बाजूला ठेवला, आणि माझ्याजवळ सरकली.

"भावोजींना कधीपासून होतंय हे?"