ज्ञानूच्या पत्राचे दुसरे पान

शुक्र. १७ डिसें. ७१
आज पत्राचे एक पान लपवले. कुणाला सांगता येत नाही, म्हणून ही वही.
ज्ञानूचे पत्र. शिक्का पुण्याचा, जखमी होऊन परतलेल्या कुणाच्या तरी हाती दिलेले दिसते. नेहमीसारखे शाळेच्या ओट्यावर वाचायला बसले. समोर त्याची आई हौसाक्का, शेजारी केसर. केसरचा नवरा सदा ज्ञानूच्याच पलटणीत. दोघेही माझ्या हाताखाली शिकलेले.
पहिले पान वाचले. दुसऱ्यावर वरच लिहिलेले : 'बाई, हे मोठ्याने वाचू नका.' खाली : खुलन्याच्या वाटेवर सदाला गोळी लागली. 'उचलून नेला तेव्हा श्वास होता म्हणतात. मी पाहिले नाही. केसरला तुम्हीच सांगा.'
घडी घातली. संपले म्हटले.

शनि. १८
रेडिओवर : ढाक्यापाठोपाठ खुलनाही शरण. बंदर हाती आले. चावडीवर पेढे. सरपंच म्हणाले, बाई, खुलना कुठे आहे ते लोकांना समजावून सांगा. घसा बसलाय म्हटले. दुसरे खोटे.
केसरने पेढा घेतला. खाल्ला नाही.

रवि. १९
चूक आज कळली. एका गावचे दोघे पलटणीत असले की प्रत्येक पत्रात एकमेकांची खुशाली असतेच. परवा मी वाचली नाही. रचून घालायचे सुचलेही नाही.
केसरने विहिरीवर गाठले. "ग्यानूभावजींच्या पत्रात आमचं माणूस कसं न्हाई, बाई?"
विसरला असेल, म्हटले.
"आवं, बैलाची खुशाली इचारतूय त्यो, आन ह्यास्नी इसरंल?"
हौसाक्का मध्येच, "तुझा दादला बंदरात मासं खात बसला आसंल, ग्यानू रुसला आसंल." बायका हसल्या. केसर नाही.
घागर अर्धीच भरून परतले.

सोम. २०
शाळा सुटल्यावर वडूजला, तार ऑफिसात. गावाच्या नावे तार नाही. परतताना एस.टी.त वाटले, आली असती तर बरे झाले असते, सांगण्यातून मी सुटले असते. असा विचार माझ्या मनात यावा! खोटे बोलल्या म्हणून किती पोरींच्या हातावर छड्या मारल्या मी.

मंगळ. २१
मधल्या सुट्टीत केसर आली, सदाला पत्र लिहून घ्यायला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शेळी व्याली, दोन करडे. थोरलीचा ताप उतरला. "बंदर घेतलंसा, आता रजा मागा म्हणावं."
इथे पेन ठेवले. दुसरे पान काढून सगळे वाचले. काही गाळले नाही.
रडली नाही. म्हणाली, "चार दीस झालं, बाई. कुक्कू लावताना रोज तुमचं त्या दिशीचं त्वांड पुढं येतंय."

"श्वास हुता, तेवढं परत वाचा."
तीनदा वाचले. 'म्हणतात' हा शब्दही, प्रत्येक वेळी. तोंड पुसले तिने.
"आता फुडं ल्ह्या. रजेपासनं."
लिहिले.
दिले : ज्ञानूच्या पत्राचे दुसरे पान, केसरच्या हाती. ते हौसाक्काचे, तिला विचारले नाही, संध्याकाळी जाऊन सांगायचे.
घेतले : केसरचे पत्र, सदाच्या नावे, पलटणीच्या पत्त्यावर. स्वतः नेऊन टपालवाल्याच्या हाती दिले. चारच्या थैलीत गेले.