डेस्कटॉपला दिलेले ग्रेस मार्क

जव्हार, १९ नोव्हेंबर २००८

चि. केयूर यास हरिकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. वाचनालयातला कॉम्प्युटर तेवढा आजारी आहे, आणि त्यात माझा हात आहे. तुझा खोकला कसा आहे? (पुण्याच्या थंडीत मफलर बांधत जा. लिनक्सवाल्यांना मफलर चालत नाही असं कुठे लिहिलेलं नसावं.)

तू आणि तुझी जगभरची बिनपगारी मंडळी जो डेस्कटॉप (म्हणजे कॉम्प्युटर चालवायचा पडदा) तयार करता, त्याच्या नव्या आवृत्तीच्या चाचणीला जुना, दुबळा कॉम्प्युटर हवा म्हणालास, तेव्हा मी हौसेने पुढे झालो. जुनं आणि दुबळं म्हटलं की आपल्यालाच कुणी हाक मारतंय असं वाटतं. नवी आवृत्ती सुरू केली आणि पडद्यावर धुक्यातला डोंगर आला. सहावीची सहल दाभोशाच्या धबधब्याला नेली होती, अगदी तो डोंगर! जीपभर पोरं एका सुरात कविता म्हणत होती... (असो.) डोंगरावर एक चाक गोल गोल फिरत राहिलं. त्याच्या तालावर मीही कविता धरली. ती संपली, दुसरी घेतली, तीही संपली. एकूण अकरा कडवी झाली तेव्हा कुठे डेस्कटॉप उघडला. तुमच्या फॉर्मात 'सुरू व्हायला किती वेळ?' या रकान्यात फक्त आकडा बसत होता, मी ११ लिहिलं. (जुनी आवृत्ती दीड कडव्यात उघडते.) तुम्ही ते सेकंद समजलात, हे तुमचा अभिनंदनाचा ई-मेल आल्यावर कळलं.

पुढे एकवीस प्रश्न, प्रत्येकासमोर पास की नापास. आता चौतीस वर्षांच्या मास्तरकीत मी कुणालाही नापास केलेलं नाही. छापायला सांगितलं तर कॉम्प्युटर गपगार झाला, पण त्याने प्रयत्न केला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. पास. फाइल हरवली, पण विचारताच 'सापडत नाही' असं नम्रपणे कबूल केलं. अशा पोराला कोण नापास करील? पास. तुझी विद्युल्लताकाकू शेजारी बसून वहीत चुका टिपत होती. त्या वहीवर मी चहाचा कप ठेवला.

एकवीसपैकी एकवीस! त्यावर तुमच्या मंडळींनी ठरवलं, जव्हारच्या त्या डबड्यावर चालतं म्हणजे कुठेही चालेल. सबब जुन्या आवृत्तीची दुरुस्ती तीस नोव्हेंबरला बंद. केयूर, तिथे माझी झोप उडाली. जुन्या आवृत्तीला एकच खोड: छापताना पानाची शेवटची ओळ खाते, म्हणजे नेमकी सहीची. ती खोड तू लवकरच काढणार होतास. पोशेऱ्याचा बुधा वनजमिनीच्या दाव्याच्या अर्जासाठी तीनदा जीपने येऊन गेला. जुन्या आवृत्तीत सहीची ओळ उमटत नाही, हाताने लिहिलेली कचेरीत चालत नाही, आणि नव्या आवृत्तीत छापायला दिलं की चाक. काल तो चाकाकडे बघत म्हणाला, "गुरुजी, ह्यो निजला का मेला?"

वाचनालय सांभाळणारी चंद्रकला खुर्चीवरून उठलीच. "तुम्हीच पास केलाय ना, गुरुजी? मग बसा. तुम्हीच छापून द्या."

बसलो. सतरा कडवी म्हटली. शेवटच्या तीन कडव्यांना बुधाने साथ दिली (पाचवीला माझ्याच वर्गात होता, आवाज अजून खणखणीत). कागद कोरा तो कोराच. अर्ज घ्यायची शेवटची तारीख सोळा डिसेंबर.

इथे थांबतो, लाइट जायची वेळ झाली.

तुझा
हरिकाका

ता. क. – माझा निकाल रद्द कर. एकवीसच्या एकवीस नापास लिही, आणि ती शेवटची ओळ उमटेपर्यंत जुन्या आवृत्तीला सोडू नका.

ता. क. २ – काकूची वही सोबत जोडली आहे. एक्केचाळीस चुका आहेत. बेचाळिसावी माझ्याबद्दल आहे, ती वगळावी.

ता. क. ३ – 'मंडळी ऐकणार नाहीत, नियम तो नियम' असं तू लिहिशील. तर ऐक. सातवीला भूमितीत तुला एकोणीस होते. पस्तीस मी केले. पेपर अजून माझ्या ट्रंकेत आहे. ते सोळा गुण मी परत मागत नाही. तीस नोव्हेंबरनंतरचे सोळा दिवस दे.